विमान उलटं करून बघा

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. नंबर शून्य. म्हणजे इतका बारीक, की मोहरीच्या दाण्यावर मालकाचं नाव लिहीन आणि खाली फोन नंबरापुरती जागाही ठेवीन. माझे केस कशाचे, असं कोणी विचारलं की मी सांगतो, अंबाबरव्याच्या जंगलातल्या वाघाच्या कानातले. वाघ झोपला होता तेव्हा काढले. खरं म्हणजे ते खारीच्या शेपटीचे आहेत. पण खारीचं नाव घेतलं की लोक जांभई देतात, म्हणून वाघ.

बावीस वर्षांपूर्वी दयाराम पेंटरनं मला खामगावच्या बाजारातून वरवट बकालला आणलं. दुकानांचे बोर्ड, ट्रकांच्या नंबरपाट्या, शाळेच्या भिंती, सगळं तो रंगवायचा. मोठी अक्षरं मोठे ब्रश काढत. माझं काम शेवटी. अक्षराची कड साफ करायची आणि कोपऱ्यात सही टाकायची: दयाराम पेंटर, वरवट बकाल.

आमच्या कामाची काय तारीफ सांगू! एका रसवंतीच्या गाडीवर आम्ही ऊस रंगवला, तर चार दिवस मधमाश्या हटल्या नाहीत. एका भिंतीवर 'येथे कचरा टाकू नये' लिहिलं, तर रस्त्यानं जाणारी बकरी लेंड्या न टाकता माघारी वळली. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

आता एक गोष्ट सांगतो, ती मात्र घडली तशीच सांगतो.

एका गावाच्या वेशीवर कमान होती. तिच्यावर 'सुस्वागतम्' लिहायचं होतं. एप्रिलचं ऊन. दयारामनं शिडीवर उभं राहून दोन दिवसांत पिवळा रंग देऊन त्यावर पुरुषभर उंचीची लाल अक्षरं काढली. शेवटी माझ्याकडून कोपऱ्यात सही केली. संध्याकाळी गावातले एक पुढारी कमानीखाली येऊन उभे राहिले.

"अक्षर झ्याक हाये दयाराम. नाव तेवढं काढून टाक."

"काऊन जी?"

"या वेशीतून आमचा देव जाते."

दयाराम शिडीवरून खाली उतरला. "अक्षरं माह्या हातची चालतात, अन् नाव चालत नाही?"

"बोर्डापुरतं बोलावलं ना तुले? मंग झालं."

दयारामनं पिवळ्या रंगात मला बुडवलं. त्याचं नाव मीच लिहिलं होतं, मीच पुसलं. ज्या टोकानं मी अर्धा जिल्हा सजवला, त्याच टोकानं.

पुढच्या महिन्यात त्या कमानीखालून एसटी गेली. दयारामशेजारी त्याची मुलगी सारिका बसली होती. तिनं मान वळवून कमान वाचली आणि विचारलं, "बाबा, तुमचं नाव कुठं हाये?"

"रंग ओला होता माय. पावसानं गेलं."

मी त्याच्या खिशात होतो. मित्रांनो, त्या साली तोवर एक थेंबही पडला नव्हता. हे सारिकालाही माहीत होतं.

मग फ्लेक्सचं मशीन आलं. दहा मिनिटांत दहा फुटांचा बोर्ड, वर मालकाच्या भाच्याचा फोटो. दयारामच्या हातचं काम सुटलं. मोठे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उलटे उभे राहून वाकडे झाले. मला मात्र दयाराम धुऊन, ओठावर टोक करून, आडवा ठेवत असे. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही मी सरळ होतो.

सारिका जळगाव जामोदला फ्लेक्सच्याच दुकानात कॉम्प्युटरवर बसते. बापाची रोजी खाणाऱ्या मशीनजवळ लेक कामाला! हसायचं तर हसा. तिनं मात्र मला टाकलं नाही. तिच्या अंबाड्यात काट्याच्या जागी मी असतो.

एक दिवस दुकानात खामगावचा सोहम आला. त्याला त्याच्या मंडळाचा फ्लेक्स हवा होता. या मंडळाचा खेळ ऐकून मी एवढा थापाड्या असूनही थक्क झालो. मोठाली नोकरदार माणसं एका टेबलावर चादर पसरतात, तिला आभाळ म्हणतात आणि त्यावर दुसऱ्या महायुद्धातली अंगठ्याएवढी विमानं काड्यांवर उभी करून लढतात. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं, पाडायचं. विमानं करड्या प्लास्टिकची येतात. ती खेळणाऱ्यानं स्वतः रंगवायची. कोरं विमान उडवायला मनाई, आणि ज्याचा रंग सर्वांत चांगला त्याला बक्षीस.

सोहमनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ताई, इतक्या बारीक ब्रशनं तुम्ही रंगवता? माझी आठ विमानं आहेत."

पहिल्या विमानाला सारिकानं चूक केली. पेंटरच्या घरची ती. जे रंगवायचं ते लांबून दिसलं पाहिजे, एवढंच तिला ठाऊक. तिनं विमान भगभगीत पिवळं केलं आणि पंखांना लाल काठ दिला. सोहमनं कपाळाला हात लावला.

"ताई, हे लढाऊ विमान आहे, लग्नाची गाडी नाही! हे दिसू नये म्हणून रंगवतात."

"दिसू नये म्हणून?" सारिका खळखळून हसली. "मंग रंगवता कायले?"

पण शिकली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या मातीत खोचून तिनं आठ विमानं त्यांच्या टोकांवर बसवली. टिफिनच्या झाकणात ओला कपडा ठेवून त्यावर रंग काढले. वरून हिरवं आणि मातकट, म्हणजे वरच्या शत्रूला खालचं शेत वाटावं. पोटाला फिकट आभाळी, म्हणजे खालच्याला आभाळ वाटावं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी टर्पेंटाइनऐवजी पाण्यानं आंघोळ केली. त्या पंखांवर आम्ही वरवटची तूर आणि कपाशी अशी उतरवली, की अंगणात वाळत ठेवलेलं एक विमान दोन दिवस सापडेना. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी ते मेथी समजून निवडायला घेतलं होतं.

सगळं झाल्यावर सारिकानं आठही विमानं उलटी केली आणि प्रत्येकाच्या पोटावर मला श्वास रोखून चालवलं: सारिका दयाराम, वरवट बकाल. अक्षर तिळाएवढं. पेंटर कोपऱ्यात सही करतो, विमानाला दुसरा कोपरा कुठून आणणार?

रविवारी सामना होता. ती विमानांचा डबा आणि उरलेले रंग घेऊन खामगावला गेली, मी अंबाड्यात. हॉलच्या दारात सोहमनं एक विमान उलटं करून पाहिलं.

"ताई, बाकी मस्त. नाव तेवढं काढून टाका."

मित्रांनो, माझा दांडा थंड पडला. तेच शब्द. उन्नीस-बीसही फरक नाही.

"काऊन?"

"मीच रंगवली असं सांगायचंय ना. नियम आहे."

सारिकानं त्याच्या हातातलं विमान काढून घेतलं, डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. "नाव निघणार नाही. डबा वापस नेते."

आत माणसं हाका मारत होती. विमानांशिवाय सोहम बाद होता. त्यानं घड्याळ पाहिलं आणि मग हसला. "बरं, राहू द्या. पोटाखाली कोण बघतंय! तुम्ही बाहेर बाकावर बसा हं."

आम्ही बाहेर बसलो. खिडकी उघडी होती. आत वाहवा चालली होती. "कोणी रंगवली बे इतकी सुंदर?" असं विचारणारे वैजनाथ सर, भूगोलाचे निवृत्त मास्तर. सोहम म्हणाला, "मीच, सर. पंधरा दिवस डोळे फोडले." टाळ्या पडल्या. माझ्याभोवतीचे सारिकाचे केस एकदम ताणले गेले. पण ती उठली नाही.

खेळ सुरू झाला. सोहमला रंग येत नव्हता, हे आपल्याला माहीत आहे. लढताही येत नव्हतं, हे तेव्हा कळलं. वैजनाथ सरांनी फासे टाकले आणि त्याचं पहिलं विमान पडलं. आणि या खेळाचा एक नियम आहे: पडलेलं विमान काडीवरून काढून, तिथंच चादरीवर उलटं ठेवायचं. पोट वर!

सरांनी चष्मा कपाळावर नेला. "सारिका दयाराम, वरवट बकाल. हे काय बे सोहम?"

"ते... पायलटचं नाव, सर. विमानावर लिहायची पद्धत असते."

"महायुद्धात वरवटची पायलट? असंल बा." सरांनी पुन्हा फासे टाकले. दुसरं विमान पडलं. "सारिका दयाराम! अबे, ही तर आत्ताच मेली होती."

तिसरं पडलं. पुन्हा तेच नाव. आता टेबलाभोवतीचे सगळेच वाकले. "लय चिवट बाई हाये राजा," कोणीतरी म्हणालं, "तीनदा पाडली तरी चौथ्यानं उडून राह्यली." चौथं पडलं, पाचवं पडलं. सोहम घामानं भिजला. एक तरी विमान सुलटं राहावं म्हणून तो पळत होता, पण पळायला चादर केवढीशी!

आठवं पडलं तेव्हा सारिका दारात उभी होती. "सर, पायलट मीच हावो."

सोहम घाईनं म्हणाला, "यांनी फक्त नावं टाकून दिली. रंग माझा."

वैजनाथ सरांनी खिशातून एक कोरं विमान काढलं. "नाव टाकणं सोपं हाये ना? मंग टाक."

सारिकानं अंबाड्यातून मला काढलं. केस खांद्यावर सुटले. "घ्या. माह्या बापाचा हाये. जपून."

सोहमनं मला रंगात बुडवून पेनासारखं दाबलं. माझे केस चौफेर फाकले आणि पंखावर हरभऱ्याएवढा डाग पडला. मुद्दाम केलं का? केलं! एकदा माझ्याकडून नाव पुसून घेतलं, ते निमूट सोसलं. दुसऱ्यांदा नाही.

सारिकानं तो डाग ओल्या बोटानं पुसला. मला पाण्यात धुतलं, ओठावर फिरवून टोक केलं, दयाराम करायचा तसंच. पिवळ्या रंगात बुडवलं. तिनं विमान उलटं केलं नाही. वरच्या पंखावर, पहिल्यांदा नजर पडते तिथं, मला चालवलं. द. या. रा. म. पेंटर, वरवट बकाल. ज्या पिवळ्या रंगाखाली मी ते नाव गाडलं होतं, त्याच पिवळ्या रंगानं.

सर म्हणाले, "अहो ताई, पण हे तर लांबून दिसते. शत्रूले दिसंल."

"दिसू द्या," सारिका म्हणाली.

ते विमान आता वैजनाथ सरांकडे आहे; नावाभोवतीचा बाकीचा रंगही सारिकानंच भरला. सगळे पहिल्यांदा त्यालाच नेम धरतात. ते अजून एकदाही पडलेलं नाही, असं मी सांगतो. या बाबतीत मला खोटं पाडायला खामगावला जावं लागेल.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला उलटा उभा करू नका. धुवा, टोक करा, आडवा ठेवा. आणि कोणतीही सुंदर वस्तू हातात आली की एकदा तिचं पोट बघा. तिथं नाव असेल तर मोठ्यानं वाचा. आणि कोणी म्हणालं, नाव तेवढं काढून टाक, तर त्याला सांगा: आता रंग वाळला आहे.