भाऊसाहेबांची कानतपासणी

भाऊसाहेबांना ऐकू येत नाही, ही गोष्ट मास्तरांनी दोन वर्षं जगापासून लपवून ठेवली होती. जगानेही ती कधी विचारली नव्हती, पण म्हणून लपवण्याचे कष्ट काही कमी झाले नव्हते.

भाऊसाहेब जातीने धुमसा. रेड्याएवढा देह, घोरपडीसारखं तोंड आणि पाठीवर दोन पंख. पंखांचा उपयोग काय, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. ही जात उडत नाही. खूश झाली की नाकपुड्यांतून धूर सोडते आणि एरवी कसल्यातरी गहन विचारात असल्यासारखी उभी राहते. मास्तरांनी घरी आणलं तेव्हा पिल्लू मांजराएवढं होतं आणि त्याला लाडाचं नावही होतं. पण चार-पाच वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असा काही पोक्तपणा आला, की एकेरी हाक मारायची कुणाची छाती होईना. तेव्हापासून ते भाऊसाहेब.

मास्तर आणि भाऊसाहेब एकतीस वर्षं जोडनृत्याच्या स्पर्धेत उतरत होते. या स्पर्धेत माणूस आणि त्याचा प्राणी रंगमंचावर जोडीने नाचतात, आणि दोघांचे पाय वाद्यांच्या तालावर एकाच वेळी पडतात की नाही, ते परीक्षक बघतात. पहिलं बक्षीस मास्तरांना कधी मिळालं नव्हतं. तिसरं नऊ वेळा मिळालं होतं. तिसऱ्या जागेवर त्यांच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला नाही, असं लोक म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मास्तरांनी खोलात जाऊन पाहिलं नव्हतं.

भाऊसाहेबांचं बहिरेपण मास्तरांनी निव्वळ निरीक्षणातून ओळखलं. दोन वर्षांपूर्वी एका सरावात वादक नुसतेच वाद्यं मांडीवर घेऊन हातवारे करत बसले होते. वाजवायला अजून सुरुवात झाली नव्हती, आणि भाऊसाहेबांनी पाय उचलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याला वाद्य ऐकू येतं तो वाद्य सुरू झाल्याशिवाय पाय कशाला उचलेल? मास्तरांची खात्री पटली. पण माणूस दिलदार. भाऊसाहेबांची चूक उघडी पडू नये म्हणून त्यांनी वाद्यांकडे लक्ष देणंच सोडलं आणि भाऊसाहेबांचा पाय फळीवर पडला की त्या धक्क्याबरोबर आपला पाय टाकू लागले. वादकही समजूतदार निघाले. भाऊसाहेब जसे नाचतील तसं ते वाजवत असावेत, कारण तक्रार कुणाचीच आली नाही.

वादक अलीकडे फारच हळू वाजवतात, एवढं मात्र मास्तरांना जाणवत होतं. नवी पिढी.

असंच चाललं असतं, पण स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने नियम केला. मागच्या वर्षी एका जोडीतला शिंगाळा जातीचा प्राणी वाद्यं थांबल्यावरही बराच वेळ नाचत राहिला. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं, आणि मग कळलं की शिंगाळा ठार बहिरा आहे. दिलेलं बक्षीस परत घेणं बरं दिसेना, म्हणून मंडळाने पुढच्यांना शिक्षा केली. यंदापासून स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक प्राण्याची कानतपासणी. जो नापास होईल त्याला टेकडीवरच्या निवृत्त कळपात पाठवायचं आणि त्याच्या माणसाला मंडळाच्या कचेरीतून दोन वर्षांचा नवा प्राणी द्यायचा.

मास्तरांनी ते पत्रक तीनदा वाचलं. टेकडीवर चारा चांगला असतो, हवा चांगली असते. पण तिथे भाऊसाहेबांच्या पंखांखालचा मळ कोण काढणार? आणि घरी संध्याकाळी कुणाच्या पाठीला पाठ लावून बसायचं? दोन वर्षांच्या प्राण्याच्या पाठीला?

तपासणीच्या दिवशी सकाळी ते बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

"काळा दोरा आहे का गं?"

"कशाला?"

"बटण लावायचंय."

"एकतीस वर्षांत बटण लावलं नाहीत ते? घ्या, डब्यात आहे," असं म्हणून ती चुलीकडे वळली आणि गप्प झाली. हल्ली ती पाठमोरी झाली की गप्पच असते, हे मास्तरांच्या ध्यानात आलं होतं. संसार मुरला की अशी शांतता येते, असं त्यांचं मत होतं.

बेत साधा होता. दोऱ्याचं एक टोक भाऊसाहेबांच्या कानाला आणि दुसरं आपल्या अंगठ्याला. तपासनीस घंटा वाजवतील, आपण ऐकू, अंगठा ओढू, कान हलेल. ऐकण्याचं काम आपलं, हलण्याचं त्यांचं. जोडनृत्य तरी दुसरं काय असतं?

रंगमंचामागच्या खोलीत कापडी पडदा उभा केला होता. बाकावर पिसारेवाल्या बाई आपल्या तीन मानांच्या बगळ्याला घेऊन बसल्या होत्या. पहिलं बक्षीस पाच वेळा मिळालेलं असल्यामुळे त्या सगळ्यांशी फार प्रेमाने बोलत.

"मास्तर, भाऊसाहेबांना कशाला त्रास देता या वयात? टेकडी छान आहे हो."

"तुम्ही जाऊन आलात वाटतं?" मास्तर म्हणाले. समोरासमोर बोलणाऱ्याला ते कधी हार जात नसत.

मास्तरांची बायको कोळशांचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसली. नाचण्याआधी भाऊसाहेबांना चार कोळसे लागत.

तपासनीस तरुण होत्या आणि नियम नवा असल्यामुळे उत्साहात होत्या. "मी पडद्यामागून तीन वेळा घंटा वाजवणार आणि फटीतून बघणार. तिन्ही वेळा प्राण्याने कान हलवला की पास. तयार?"

"तयार."

त्या पडद्यामागे गेल्या. मास्तरांनी अंगठा सरळ केला, श्वास रोखला आणि ऐकू लागले.

खोलीत शांतता होती. तेवढ्यात भाऊसाहेबांनी उजवा कान हलवला.

घंटा नसतानाच कान हलवला, म्हणजे आता खरी घंटा होईल तेव्हा हे ढिम्म राहणार! मास्तरांनी भाऊसाहेबांच्या खुरावर हलकेच पाय ठेवला. थोड्या वेळाने भाऊसाहेबांनी दोन्ही कान उभे केले.

"अहो, दम धरा जरा," मास्तर कुजबुजले. ती कुजबुज सगळ्या खोलीने ऐकली.

मग भाऊसाहेबांनी एक निःश्वास टाकला आणि सावकाश पडद्यामागे चालत गेले. दोरा ताणला, मास्तरांचा अंगठा वर उठला आणि दोरा तुटला. मास्तरांनी चटकन हात खिशात घातला.

"बाई, आमची काही घाई नाही," ते पडद्याला म्हणाले. "तुमची घंटा सापडली की सावकाश सुरू करा."

तपासनीस बाहेर आल्या. त्यांच्या हातातली घंटा लहान बादलीएवढी होती, आणि त्या ती अजून वाजवत होत्या. लोलक इकडून तिकडे आपटत होता. बगळ्याच्या तिन्ही माना आत ओढलेल्या होत्या. पिसारेवाल्या बाईंनी कानांत बोटं घातली होती. आणि लोलक आपटत होता, अगदी शांतपणे.

मास्तर बराच वेळ लोलकाकडे बघत राहिले. मग बायकोकडे.

"तुला माहीत होतं?"

ती उठून त्यांच्या समोर आली. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! दोन वर्षं जेवायला बोलवायचं तर ताटावर पळी आपटते, ती काय हौस म्हणून? भाऊसाहेब उठतात, आणि त्यांच्या मागून तुम्ही येता."

"मला वाटलं त्यांना वास येतो."

"माझ्या स्वयंपाकाचा वास दोन घरं सोडून येतो. तुम्हाला नाही यायचा?"

मास्तरांची सरावाची खोली पिंपं बनवणाऱ्याच्या कारखान्यावर होती. एकतीस वर्षं खालून हातोड्यांचे घाव येत होते. धुमशाच्या कानाला आतून झाकणं असतात, नको तेव्हा तो ती लावून घेतो. माणसाला ती सोय दिलेली नाही.

तपासनीसांनी नोंद केली. "प्राणी पास. तिसऱ्या वेळी तर घंटेपर्यंत चालत आला."

"आणि मी?"

त्यांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. मग मास्तरांसमोर तोंड आणून मोठ्याने म्हणाल्या, "माणसाला ऐकू आलं पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही."

"का बरं?"

"नियम माणसांनी केलेत ना."

मास्तरांना हायसं वाटलं. पण तपासनीसांचं बोट तिसऱ्या पानावर अडकलं होतं. "एक अडचण आहे. जोडीत जो वाद्य ऐकून दुसऱ्याला चालवतो तो नर्तक, आणि जो त्याच्यामागे चालतो तो सोबती. तुमच्या अर्जावर नर्तक म्हणून तुमचं नाव आहे. ती नोंद खोटी ठरते. खोटी नोंद असेल तर जोडी फोडावी लागते. भाऊसाहेबांना मग दुसरा माणूस देऊ."

"माझ्याकडे अंगणात जागा आहे," पिसारेवाल्या बाई प्रेमाने म्हणाल्या.

मास्तरांच्या दारावर 'नर्तक' अशी पितळी पाटी होती. दर आठवड्याला ते स्वतः ती घासत. पडद्यामागून भाऊसाहेबांचं अर्धं तोंड बाहेर आलं होतं, आणि कानावर काळ्या दोऱ्याचा तुकडा लोंबत होता.

"बदला नोंद," मास्तर म्हणाले. "नर्तक ते. सोबती मी."

तपासनीसांनी सोबत्याचा अर्ज काढला. तो बराच लांबलचक होता, आणि सोबत्याने स्वतः बोलायचं नसतं असं वर छापलेलं असल्यामुळे त्यांनी बायकोला विचारलं.

"वय?"

"छप्पन्न."

"स्वभाव?"

"गरीब."

"चावतो का?"

"नाही. पण चिडतो."

"खाण्याची आवडनिवड?"

"वाढेल ते खातो, आणि मग नावं ठेवतो."

"ठीक. आ करा बघू."

मास्तरांनी आ केला. तपासनीसांनी दात मोजले आणि त्यांच्या गळ्यात सोबत्याचा लाकडी बिल्ला अडकवला. नर्तक बसतात त्या दालनात आता त्यांना प्रवेश नव्हता. आपली पाळी येईपर्यंत ते बाजूच्या कठड्यात, पेंढ्यावर, पाण्याच्या बादलीशेजारी बसून राहिले. बगळ्याने त्यांना थोडी जागा करून दिली.

निवेदकाने पुकारा केला तो त्यांना नंतर बायकोने सांगितला: "नर्तक, भाऊसाहेब. सोबत एक माणूस, स्वभावाने गरीब."

रंगमंचावर भाऊसाहेबांनी पाय टाकला. फळी हादरली, मास्तरांच्या टाचेतून धक्का वर आला आणि त्यांनी पाय टाकला. गेली दोन वर्षं नाचताना त्यांचं निम्मं लक्ष भाऊसाहेबांना सांभाळण्यात जायचं. आज ते काम उरलं नव्हतं, त्यामुळे बारीकसारीक गोष्टी कळू लागल्या. डावीकडच्या वळणावर भाऊसाहेब अर्धी मात्रा थांबतात, ही त्यांची वयोमानाने लागलेली खोड म्हणून मास्तरांनी कधीच पोटात घातली होती. आज वळताना कळलं, की ते थांबतात तेव्हा मास्तरांचा डावा गुडघा वळत असतो. गुडघा वळला की निघतात.

नाच संपला तेव्हा भाऊसाहेबांच्या नाकपुड्यांतून धूर निघत होता.

तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेरा लिहिला होता: 'सोबती उत्तम शिकवलेला. अशा जनावराला वळण लावायला किती वर्षं लागली असतील!' पदक भाऊसाहेबांच्या गळ्यात पडलं, आणि सोबत्याला नियमाप्रमाणे चाटायला मिठाचा मोठा खडा मिळाला. पिसारेवाल्या बाईंनी मास्तरांच्या मानेवर हलकेच थोपटलं. मास्तर चिडले, पण चावले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी पाटीकडे एकदा पाहिलं. पितळ चांगलं होतं. दुपारी त्यांनी ती काढून भाऊसाहेबांच्या गोठ्याच्या दारावर, जरा वर, नीट दिसेल अशी ठोकली. मिठाचा खडा बायकोने फोडून बरणीत भरला. मीठ संपतच आलं होतं.

मग तिने ताटावर पळी आपटली. भाऊसाहेब उठले. मास्तर उठले.