वरच्या मुलीवर घेतलेला आळ

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. समोर भोकाभोकांचा भलामोठा बोर्ड, कानाला हेडफोन आणि शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीशी नुसत्या भुवयांनी चालणाऱ्या गप्पा. बोर्डावर दिवा लुकलुकला की पलीकडे कुणीतरी माणूस आहे, हे तेव्हापासून माझ्या अंगात भिनलेलं. या वयात त्यानेच घात केला.

लेकीने आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर फायरवॉल बसवली. "आई, हा दारावरचा राखणदार समज. ओळखीच्यांना आत सोडेल, बाकीच्यांना अडवेल, आणि अडवलं की तुला सांगेल."

"एक राखणदार आहे की घरात," हे माझ्याकडे बघत म्हणाले. "तिच्या तावडीतून कोण सुटतंय?"

थोड्याच दिवसांत पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उमटायला लागली. घरच्याच नेटवर्कवरचं एक अनोळखी यंत्र आत येऊ पाहत होतं, त्याला अडवलं आहे. सकाळी तेच, दुपारी तेच. आमचं इंटरनेट आमच्याशिवाय एकटी वरची भाडेकरू मुलगी वापरायची, आणि तिचं पोटच कॉम्प्युटरच्या कामावर चाललेलं. चोर शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

"अगं, आधी लेकीला तरी विचार," हे म्हणाले. मी कसली विचारते. मुलगी बाहेरून आली तशी तिला जिन्यातच गाठली.

"माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय शोधतेस गं?"

"मी? काकू, मी कशाला शोधू?"

"मला शिकवू नकोस. मी एक्स्चेंजवर होते. कोण कुठून बोलतंय ते मला बरोबर कळतं."

समोरच्या शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलगी लालबुंद झाली. "हवं तर माझा लॅपटॉप बघा," एवढंच म्हणाली.

"आता बघून काय उपयोग? तोवर सगळं पुसलं असशील."

त्याच दिवसापासून तिने आमचं इंटरनेट वापरणं बंद केलं आणि महिनाअखेरीस जागा सोडते म्हणून सांगितलं. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

पुढच्या रविवारी लेक आली, तर चौकट पुन्हा हजर. "ती मुलगी वापरतच नाही म्हणतेस, मग हे कोण?" असं पुटपुटत लेक आतल्या खोलीत गेली आणि ह्यांनी शब्दकोडी छापायला आणलेला नवा बिनवायरचा प्रिंटर तिने बंद केला. आम्ही तिघं पडद्यासमोर बसून राहिलो. काही आलं नाही. प्रिंटर चालू केला, आणि थोड्या वेळाने चौकट उमटली.

"हाच तो, आई. कॉम्प्युटर कुठे आहे म्हणून सारखा हाका मारतोय बिचारा."

"पण मग पलीकडे कोण होतं?"

"कुणीच नाही."

एरवी उठता बसता टोमणे मारणाऱ्या ह्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी चहा टाकला. त्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी वर गेले. मुलगी पुस्तकं खोक्यात भरत होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, राहा म्हटलं.

"तुम्हाला कळलं, बरं झालं," ती म्हणाली. "पण नको काकू. मी जिन्यात दिसले की शिंपीणबाई दाराला कडी लावतात."

मी तडक शिंपीणबाईंकडे गेले.

"तुम्ही फार भोळ्या बाई," त्या शिवण न थांबवता म्हणाल्या. "प्रिंटर म्हणे. तिनेच काहीतरी सारवासारव केली असेल. आणि तुम्हीच नाही का म्हणालात, तुम्हाला बरोबर कळतं म्हणून?"

एक्स्चेंजमध्ये कानावर पडलेला शब्द कधी उंबऱ्याबाहेर नेला नाही, याचा मला केवढा अभिमान होता.

दोन दिवसांनी तिच्या नव्या घरमालकांचा फोन आला. "ती सांगते, तुमची लेक राहायला येणार म्हणून जागा सोडतेय. पण आमचे कपडे शिंपीणबाईंकडे असतात. कानावर भलतंच आलं. घरात म्हातारी आई आहे, म्हणून विचारतो. खरं काय ते सांगा."

म्हणजे पोरीने माझी झाकली मूठ झाकलीच ठेवली होती.

"लेक येणार नाहीये," मी म्हटलं. "मीच तिच्यावर आळ घेतला. खोटा. आमच्या प्रिंटरमुळे."

"प्रिंटरमुळे?"

मग त्या परक्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. हे समोर बसून ऐकत होते. पलीकडे हसू फुटलं. "म्हणजे तुमचाच प्रिंटर तुमच्याच कॉम्प्युटरला हाका मारत होता?"

"हो."

"आणि तुम्ही त्या पोरीला चारचौघांत चोर ठरवलंत." आता ते हसत नव्हते.

"हो."

"येऊ दे तिला आमच्याकडे," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

"दिलं घर?" ह्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. "वर जाऊन तुम्हीच सांगा तिला," मी म्हटलं. "मला त्या पोरीच्या तोंडाकडे बघवत नाही."

हे उठले आणि चपला घालून वर गेले.