वाढत्या मापाचा कॅल्क्युलेटर

माणसाने यंत्र निवडताना आजचा नव्हे, उद्याचा विचार करावा, असे टेलरमास्तरांचे ठाम मत होते. आयुष्यात शिवणयंत्र सोडून दुसरे यंत्र त्यांनी निवडलेच नव्हते, त्यामुळे मत ठाम राहायला काही अडचण आली नाही. पोर वर्षात भरते म्हणून शाळेचे गणवेश ते दोन बोटे सैल शिवत. त्याच न्यायाने लेकीच्या, म्हणजे छकुलीच्या, कॅल्क्युलेटरसाठी त्यांनी दुकानदाराला बजावले, "वाढत्या मापाचा दाखवा. शाळेत लागला पाहिजे, कॉलेजातही पुरला पाहिजे."

दुकानदाराने आलेख काढणारा, पाटीएवढ्या पडद्याचा काढून दिला. मास्तर खूश.

परीक्षा उद्यावर आली तेव्हा गणिताच्या बाईंना छकुलीच्या दप्तरात ते धूड दिसले. "अगं, आलेखवाला परीक्षेला चालत नाही! नेलास तर उठवतील." याच पेपरवर छकुलीचा कॉलेजचा प्रवेश ठरणार होता. ती रडतच घरी आली.

"बाबा, मी साधा मागितला होता!"

"अगं, तो पुढे लहान झाला असता."

"कॅल्क्युलेटर लहान होत नाही हो, बाबा!"

हा मुद्दा मास्तरांच्या ध्यानात आला नव्हता. बापलेक बाजारभर फिरले. जिथे जावे तिथे एकच उत्तर, "संपले. आधी नाही का यायचं?" शेवटच्या दुकानात काचेमागे उन्हाने पिवळा पडलेला एक साधा, बिनआलेखाचा पण साइन काढणारा सापडला. माहितीपुस्तिका हरवलेली होती. मास्तरांनी तो देवासारखा दोन्ही हातांनी उचलला.

घरी छकुलीने तीस अंशांचा साइन काढला. अर्धा यायला हवा होता. आले उणे काहीतरी.

"उणे! बाबा, उणे येतंय!"

मास्तरांनी अदबीने त्याच कळा दाबल्या. उणेच. आईने पदराने पुसून दिला. स्वच्छ उणे आले. दुकान बंद झालेले, बाई फोन उचलेनात. छकुलीने टेबलावर डोके टेकले. "मी उद्या जातच नाही."

मास्तरांनी यंत्र उलटेसुलटे करून पाहिले. आखूड बाहीला जोड देता येतो, पण इथे शिवण कुठली उसवायची तेच कळेना.

"तुम्ही जरा गप्प बसा, हात लावू नका हो," आई म्हणाली.

बऱ्याच वेळाने छकुलीने नाक ओढत डोके वर केले, तेव्हा तिला पडद्याच्या कोपऱ्यातले रेडियनचे बारीक अक्षर दिसले. यंत्र कोन अंशांत मोजतच नव्हते. तिने कळा दाबून ते अंशांवर आणले आणि अर्धा आला. पण तोवर तिचा यंत्रावर, स्वतःवर आणि बापावर, तिघांवरही विश्वास उरला नव्हता. सकाळी ती वर्गात शिरली ती मागे न बघता.

मास्तर बाहेरच्या लाकडी बाकावर बसले. पुन्हा उणे आले तर? बॅटरी गेली तर? पोरीचे वर्ष गेले तर ते आपण आपल्या हाताने कापले, हा विचार काही केल्या जाईना.

इतक्यात वर्गाचे दार उघडून पर्यवेक्षक थेट त्यांच्याकडे आले. मास्तर ताडकन उभे राहिले, हात जोडले. "साहेब, तिची काही चूक नाही. माप मी चुकवलं. तिला उठवू नका, पाया पडतो."

"अहो, ती छान लिहितेय," पर्यवेक्षक हळू आवाजात म्हणाले. "पण बसलात की शिवणयंत्र चालवल्यासारखा तुमचा पाय हलतो आणि बाक करकरतो. तिनंच निरोप दिलाय, जरा उभेच राहाल का?"