रेफ्रीच्या नावाचं कोडं

आमच्या तांड्यावरच्या फुटबॉल सामन्यांत रेफ्रीचं नाव आधी सांगत नाहीत. पूर्वी सांगायचे. मग एका वर्षी फायनलच्या आदल्या दिवशी औंढ्याकडून येणाऱ्या रेफ्रीला नाल्याच्या पुलावर मोटारसायकलवरून ओढलं आणि लोखंडी गजानं मारलं. माणूस वाचला, पण अजून एक पाय ओढत चालतो. तेव्हापासून नाव कोड्यात गेलं. जिवनबाई कोडं रचते आणि आदल्या दिवशी भोंग्यावरून सांगते. ज्याला सुटेल त्यानं तिच्या कानात उत्तर सांगायचं. बरोबर निघालं की चेंडूला पहिली लाथ त्याच्या संघाची.

"अंगठीतला खडा पुढं, जंगलातला राजा मागं," म्हणजे हिरासिंग. "कुत्र्याचं नाव पुढं, देवाचं मागं," म्हणजे मोतीराम. त्या कोड्यावरून मोतीराम रेफ्री पूर्ण सामना फुगून होता.

"मग लपवून उपयोग काय? कोडं तर सुटतंच," असं कोणी म्हटलं की जिवनबाई सांगायची, "ज्याला कोडं सोडवायची अक्कल हाये, तो गज उचलत न्हाई."

यंदाच्या फायनलला तिनं कोडं घातलं, "बायकांच्या वाणाचा सण, दळणाची जागा, जेवायचं भांडं. तिघांची मुंडकी उडवा आणि तेवढी मुंडकीच ओळीनं मांडा."

आमच्या तांड्यावरचा प्रेमदास तेव्हा गुलाबसिंगच्या शेडमध्ये होता. सोयाबीन काढायला हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, कधी मिळेल ते विचारायला आला होता. केस पांढरे झाल्यावर तो साक्षरता वर्गात अक्षरं शिकला. त्यामुळे अक्षरं त्याच्या डोक्यात ठरत नसत, बोटानं गिरवावी लागत. भोंगा ऐकता ऐकता त्याचं बोट फरशीवरच्या भुसकटात चालू लागलं. संक्रांतीचा सं. गिरणीचा गि. ताटाचा ता.

तिसरं अक्षर उमटलं तसा त्यानं तळहात फिरवून सगळं पुसलं.

संगिता त्याची पुतणी. भाऊ वारल्यावर त्यानंच वाढवलेली. परभणीला जाऊन रेफ्रीचं शिक्षण घेऊन आली होती. आजवर लहान पोरांच्या सामन्यांत शिट्टी वाजवायची. फायनल तिला दिली हे तिनं घरातसुद्धा कळू दिलं नव्हतं.

गुलाबसिंगनं पुसणारा हात पाहिला. फायनलला आमच्यासमोरचा संघ त्याचा होता आणि त्याचा धाकटा भाऊ भावसिंग त्या संघाचा कप्तान. गेल्या वर्षी भावसिंगला लाल कार्ड मिळालं आणि कप गेला.

"सुटलं वाटतं, काका," गुलाबसिंग म्हणाला.

"न्हाई बा. म्हाताऱ्याला काय सुटतंय."

"मंग पुसलं काहून?"

प्रेमदास उठला. दारात उभ्या गुलाबसिंगच्या दोन माणसांनी त्याला परत खाली बसवलं. एकानं शेडचं शटर ओढलं.

"नाव सांगा आन् घरी जा. आमी जीव घेत न्हाई कोणाचा. उद्या मैदानात उभा राहू नये, इतकंच. मंग आमचा माणूस शिट्टी वाजवंल."

"सुटलं न्हाई, म्हणलं ना."

पहिली थप्पड कानावर बसली. दुसरीनं ओठ फुटला. प्रेमदासनं रक्त थुंकलं आणि म्हणाला, "तुझा बाप बरा होता रे. मारायच्या आधी पाणी पाजायचा."

दोघांतला एक जण हसला. गुलाबसिंगनं त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला. मग त्यांनी प्रेमदासचा उजवा हात हडंब्याच्या पत्र्यावर दाबून धरला. गुलाबसिंगनं पान्हा उचलला आणि गिरवणाऱ्या बोटावर घातला. आवाज सुकी तुराटी मोडल्यासारखा आला. प्रेमदास ओरडला, पण बाहेर भोंगा चालू होता.

"नाव."

त्यानं मान हलवली. दुसरं बोट गेलं. आता त्याला श्वासच सापडेना, डोळ्यांपुढं पांढरं झालं आणि तोंडातून नाव निघून गेलं.

"संगिता. माझी संगिता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघंही खो खो हसले.

"बाई? फायनलला?" गुलाबसिंगनं डोळे पुसले. "म्हातारा मरता मरता चेष्टा करून राहिला." आणि चेष्टेबद्दल त्यानं तिसरं बोटही मोडलं.

प्रेमदास बेशुद्ध पडला. त्यांनी त्याला जीपमधून आणून तांड्याच्या रस्त्याला सोडलं. शुद्धीवर आला तेव्हा गुलाबसिंग वाकून सांगत होता, "हडंब्यात हात गेला म्हणायचं."

घरी त्यानं तेच सांगितलं. संगितानं हळद लावून हात बांधला.

"हडंब्याजवळ कशाला गेले, काका? चला, आताच हिंगोलीला दाखवू."

"उद्या."

"उद्या मला काम हाये."

"मग परवा," तो म्हणाला. तिच्या तोंडाकडे त्याला पाहवेना. गुलाबसिंगला खरं वाटलं नाही, म्हणजे पोरगी वाचली, असं त्यानं मनाशी धरलं होतं. शिवाय सांगायचं म्हटलं तर नाव आपण दिलं हेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी संगिता काळा शर्ट घालून मैदानात उतरली तेव्हा गुलाबसिंग खुर्चीवरून अर्धा उठला. त्यानं गर्दीत प्रेमदासला शोधलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

सामना निम्म्यावर आला होता. भावसिंगनं चेंडू सोडून आमच्या गोलकीपरच्या पोटात लाथ घातली. पोरगं गुडघ्यावर पडून ओकलं. संगितानं शिट्टी मारली आणि लाल कार्ड काढलं.

भावसिंग तिच्या अंगावर गेला. ती मागे सरली नाही. "बाहेर," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात गुलाबसिंगनं कोपऱ्यावरच्या निशाणाचा बांबू उपटला आणि धावत येऊन मागून तिच्या डोक्यात घातला. ती गुडघ्यावर आली. दुसरा तडाखा खांद्यावर बसला. मग मैदान फुटलं. दगड आले, खुर्च्या आल्या. प्रेमदास डाव्या हातात दगड घेऊन धावला आणि पाडून तुडवला गेला. लोकांनी गुलाबसिंगला खाली घेतलं. तो तोंड झाकून ओरडत होता तरी लाथा थांबेनात. त्याचे दात मातीत पडलेले मी पाहिले.

त्याला सोडवलं संगितानं. रक्तानं एक डोळा मिटलेला, शिट्टी दातांत धरलेली. ती गर्दीत घुसली आणि कानाशी शिट्टी फुंकत एकेकाला ओढून काढू लागली. "मेला तर मी जबाबदार होते, सरका!" असं ओरडत होती. सामना मात्र पुरा झाला नाही.

हिंगोलीला नेणाऱ्या जीपमध्ये काका-पुतणी शेजारी बसले. तिच्या डोक्याला जिवनबाईची ओढणी बांधलेली होती. सेनगाव मागं पडल्यावर प्रेमदास म्हणाला, "हडंब्यात न्हाई गेला हात. गुलाबसिंगनं मोडला. तुझं नाव म्यां सांगितलं त्याला."

तिनं उघडा डोळा त्याच्याकडे वळवला. "किती बोटांवर?"

"दोन."

"तिसरं?"

"त्याला खरं वाटलं न्हाई."

ती हसली आणि टाके नसलेली जखम ताणली म्हणून कण्हली. मग हसणं गेलं.

"दोन बोटं मोडल्यावर मीबी सांगितलं असतं. त्याचं काय न्हाई. पण काल तुमचा हात बांधत होते मी. तवा तुमी बोलले असते तर मी मैदानाला पोलीस लावून उतरले असते."

प्रेमदासनं बांधलेला हात मांडीवर ओढून घेतला.

"त्याला सांगितलं, काका. मला न्हाई सांगितलं."

जीप खड्ड्यातून उसळली. दोघांच्याही तोंडून एकदमच आवाज निघाला. ड्रायव्हरनं वेग कमी केला, तर संगिता म्हणाली, "हाकत राहा, भाऊ. थांबू नका."