पहिलीपासून नको

पालकांच्या सभेला नागुबाई अमरगोळच्या मार्केट यार्डातून तशीच आली. दिवसभर मिरच्यांचे देठ खुडून बोटं भगभगत होती, म्हणून हात पदरात गुंडाळून ती शेवटच्या बाकावर बसली. तिची गौतमी याच मराठी शाळेत सहावीत होती. हुशार होती, वर्गात तिचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा.

शाळेत मुलंच उरली नव्हती. ज्याला झेपेल तो लॅमिंग्टन रोडकडं इंग्रजी शाळा बघत होता. संस्थेचे अध्यक्ष पद्मनाभ वकील उभे राहिले.

"येत्या जूनपासून सगळे वर्ग इंग्रजी. शाळा बदलायची तर मुळापासून बदलू, नाहीतर कुलूप लावू."

मुख्याध्यापिका इंदुमतीबाईंना ते पटेना. "वरच्या वर्गातल्या मुलांना नाही झेपणार, साहेब. यंदा नुसती पहिली बदलू या. पुढच्या वर्षी दुसरी. तोवर शिक्षकही तयार होतील."

नागुबाई उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती. "बाई, मग माझ्या पोरीला इंग्रजी कधी मिळणार?"

इंदुमतीबाईंनी समोरची वही मिटली.

"पहिलीपासून नको. ते वर चढेपर्यंत माझी पोरगी शाळेतनं बाहेर पडलेली असंल. दरवेळी मागनं येणाऱ्यांचंच बरं व्हायचं काय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकिलांच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं तेव्हा नागुबाईचा लाल झालेला हात सगळ्यांत उंच होता.

जूनमध्ये भिंतींना रंग लागला, नवे बाक आले, पोरांच्या गळ्यात टाय आले. इंदुमतीबाई नोकरी सोडून धारवाडला लेकाकडं गेल्या. नव्या शिक्षिकांना कन्नड आणि इंग्रजी येत होतं, मराठी येत नव्हतं. सातवीत गेलेली गौतमी घरी येऊन पुस्तकातली पानंच्या पानं उतरवून काढायची. अर्थ विचारला की म्हणायची, "आई, पाठ केलं की झालं." एकदा तिनं वर्गात मराठीतून शंका विचारली. पोरं हसली. बाई कन्नडात म्हणाल्या, "सुम्न कुंद्र." गप बस. त्यानंतर गौतमीनं हात वर केला नाही.

सहामाहीला ती गणित सोडून सगळ्या विषयांत नापास झाली. पद्मनाभ वकिलांनी नागुबाईला बोलावून घेतलं. त्यांचा सूर वाईट नव्हता.

"पाया कच्चा आहे हो. उद्यापासून पाचवीत बसू दे."

"साहेब, पाया याच शाळेनं घातलाय की."

"म्हणूनच तर बदलली शाळा," वकील म्हणाले.

पाचवीतली बारकी पोरं तिला 'अक्का' म्हणून चिडवू लागली. आठवडाभरात गौतमीनं दप्तर टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून निजली. नागुबाईनं समजावलं, मग मारलं, मग तिच्याशेजारीच बसून राहिली.

सुट्टीच्या दिवशी ती बस धरून इंदुमतीबाईंकडं धारवाडला गेली.

"बाई, तुमचं ऐकलं असतं तर?"

इंदुमतीबाईंनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. "खोटं कशाला सांगू? आधीच्या मुलांचं होत होतं तेच झालं असतं. दहावीपर्यंत गेली असती, इंग्रजीत अडकली असती. तीस वर्षं मी थोडं थोडं सुधारत होते नागुबाई, आणि दरवर्षी एक वर्ग तसाच बाहेर पडत होता. तुम्ही सभेत विचारलंत, त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं."

"म्हंजे माझी पोरगी जायचीच होती. असं नाही तर तसं."

"रविवारी पाठवा तिला. मी शिकवते."

गौतमी गेली नाही. पुस्तक परत उघडायचं नाही, म्हणाली.

शाळा मात्र भरली. नव्या पहिलीसाठी रांग लागली, शाळेची गाडी दुर्गदबैलच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांची पोरं आणू लागली. नागुबाईनं त्याच दुर्गदबैलात लेकीसाठी साड्यांच्या दुकानात काम बघितलं. वय पंधरा सांगायचं, हे वाटेतच शिकवून ठेवलं.

दुकानदारानं साडीची घडी घालून दाखवली. गौतमीनं एकदा बघून तशीच घातली. तो खूश झाला.

"पोरगी चलाख आहे. कितवी शिकलीस ग?"

"सहावी," गौतमी म्हणाली.

सातवीत होती, असं नागुबाईच्या ओठांवर आलं होतं. पगाराचं ठरवून ती एकटीच यार्डाकडं निघाली.