वॉल्टर अ‍ॅस्पिनलला ऐकू न गेलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. पितळेची, आमटीच्या वाटीएवढी. लंडनमध्ये पार्लमेंटजवळच्या गल्लीत एका पबच्या भिंतीवर मी राहते. माझी तार त्या मोठ्या इमारतीतून आली आहे. तिकडे मतदान पुकारलं की इकडे मी वाजते आणि जेवायला बसलेले खासदार हातातला घास टाकून पळतात. मोजक्या मिनिटांत तिकडची दारं बंद होतात. आत पोचला त्याचं मत धरलं जातं. बाहेर राहिला तो राहिला.

जन्म, बालपण, शिक्षण असं ओळीनं सांगायची पद्धत आहे. माझं बालपण फार लहान होतं. कारागिराने मला भिंतीवर ठोकलं, तार जोडली आणि वाजवून पाहिलं. पबची मालकीण ग्लॅडिसबाई कानांवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, हिच्या आवाजानं तर मेलेला माणूस उठून बसेल!"

मला केवढा अभिमान वाटला! झालं, संपलं बालपण.

पुढची सगळी वर्षं कामाची. त्यांतला एकच माणूस तुम्हाला सांगायचा आहे.

वॉल्टर अ‍ॅस्पिनल. लँकशायरमधल्या क्लेदरशॉ गावचा खासदार. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, सदैव हसतमुख. खासदार होण्यापूर्वी तो कापड गिरणीत माग चालवायचा. त्या गिरणीत शेकडो माग एकाच वेळी धडधडतात. तिथे बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून गिरणीतली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. काही वर्षांनी कान जातात. ओठ तेवढे राहतात.

वॉल्टरचे कान गेले होते.

हे पबमध्ये फक्त ग्लॅडिसबाईला माहीत होतं. पार्लमेंटमध्ये कुणालाच नाही. तो माणसाच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. लोकांना वाटायचं, केवढं लक्ष देऊन ऐकतो! पाठीमागून कुणी हाक मारली आणि त्यानं ओ दिली नाही, तर म्हणायचे, शिष्ट आहे. मी वाजले की ग्लॅडिसबाई त्याच्या समोर येऊन फडकं झटकायची. तो उठायचा, टोपी घ्यायचा, जायचा.

"सांगून टाक ना एकदा," ग्लॅडिसबाई त्याला म्हणायची. "चोरी केलीस काय तू?"

"बहिऱ्या खासदाराला मत कोण देईल, बाई? उद्या तेच म्हणतील, आमचं गाऱ्हाणं ह्याला ऐकूच जात नाही."

"आणि तुझ्या पक्षातला तो पर्सी तुझ्या मागे काय काय बोलतो, ते तरी ऐकू जातं का तुला?"

"तोच तर एक फायदा आहे!" असं म्हणून तो मोठ्यानं हसायचा. त्याला वाटे त्याहून मोठ्यानं.

मग एके वर्षी त्यानं एक विधेयक मांडलं. मागांच्या आवाजानं ज्यांचे कान गेले, त्यांना गिरणीमालकांनी भरपाई द्यावी. क्लेदरशॉमधली अर्धी घरं त्या कायद्याकडे डोळे लावून बसली होती. वॉल्टरनं भाषणात डॉक्टरांचे दाखले दिले, गावातल्या बायकांची नावं घेतली. लोक म्हणाले, छान बोलला. फक्त स्वतःचं नाव—

थांबा. वाजायचं आहे.

ठणणणणणणण

हं. आजकाल मी वाजले तरी कुणी पळत नाही. खासदारांना निरोप खिशातल्या फोनवर येतो. पाहुणे तेवढे माझा फोटो काढतात.

तर, तो मतदानाचा दिवस. खरं म्हणजे मला तो सांगायचाच नाही. पण बाकीचं सगळं त्याच्यासाठीच सांगितलं.

मतदान संध्याकाळी होणार, असं सगळे धरून चालले होते. दुपारी वॉल्टर एका बाईंना जेवायला घेऊन आला. एडा क्रॉन्शॉ. गिरणीत त्याच्या शेजारचा माग तिचा. विधेयक पास होताना पाहायचं म्हणून ती सकाळच्या गाडीनं लंडनला आली होती. डोक्याला नवा रुमाल होता. कान तिचेही गेलेले. दोघं कोपऱ्यातल्या उंच लाकडी आडोशामागे बसली, कांदा-कलेजी मागवली आणि सुरू झाली. आवाज नाही. नुसते ओठ. गिरणीतल्या गप्पा असाव्यात, कारण एडा हसून हसून डोळे पुसत होती. वॉल्टर इतका मोकळा बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

ग्लॅडिसबाई त्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. जून नावाची नवी पोरगी जेवण वाढत होती.

आणि तिकडे वादविवाद लवकर आटोपला.

मी वाजले.

खुर्च्या सरकल्या. पर्सी दारातून ओरडला, "अ‍ॅस्पिनल! चल रे! तुझंच लग्न आहे!"

आडोशामागे ओठ हलत होते.

"येईल तो मागून," पर्सी कुणाला तरी म्हणाला, "भाव खातोय." आणि गेला.

मी वाजत होते.

पब रिकामा झाला. एडा हातांनी काहीतरी फिरवून दाखवत होती. वॉल्टर मान मागे टाकून हसत होता.

मी वाजत होते. मित्रांनो, मेलेला माणूस उठला असता, एवढी वाजत होते.

मग थांबले.

जून चहा घेऊन गेली. "साहेब, तुम्हाला नव्हतं का जायचं? घंटा थांबलीसुद्धा."

तिचे ओठ त्यानं वाचले. टोपी तिथेच टाकून तो धावला.

पुढचं मी परत आलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलं. दार त्याच्या नाकासमोर बंद झालं. मतं दोन्हीकडे सारखी पडली. अशा वेळी सभापतींनी आपलं मत टाकायचं असतं आणि ते जुनं आहे तसं राहू देण्याच्या बाजूनं टाकायचं, ही तिथली रीत. त्यांनी रीत पाळली. विधेयक पडलं.

वॉल्टर परत आला तेव्हा एडा तशीच बसली होती. तो समोर बसला आणि ओठांनीच तिला सांगू लागला. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी आवाजाची जात; ती बोली मला येत नाही.

एडा मात्र मोठ्यानं बोलली. बहिऱ्या माणसाचा तो आवाज, उंच आणि सपाट. सगळा पब वळून पाहू लागला.

"वॉल्टर, तिथं उभा राहून सांगितलंस का रे एकदा तरी, की तुलाही ऐकू येत नाही म्हणून?"

त्यानं मान हलवली. नाही.

"आमची नावं सांगितलीस. माझं सांगितलंस. माझ्या बहिणीचं सांगितलंस. आम्हाला नाही लाज वाटली. तुला कशाची वाटली?"

दाराशी पर्सी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. "मला माहीत असतं तर हाताला धरून नेलं असतं गं," तो पुटपुटला. पण तो तिच्या पाठीमागे होता. तिला ते ऐकू गेलं नाही.

वॉल्टर पुढची निवडणूक लढला नाही. विधेयक पुन्हा कुणी मांडलं नाही. एडासारख्या बायका हातात काही न पडता म्हाताऱ्या झाल्या.

मित्रांनो, मला लोक मोठ्या आवाजाची म्हणून ओळखतात, आणि मोठा आवाज पुरत नाही एवढंच मी शिकले. तुमच्या वर्गात एखादा मुलगा हाकेला ओ देत नसेल, तर त्याला शिष्ट म्हणून पुढे निघून जाऊ नका. त्याच्या समोर या. त्याला तुमचा चेहरा दिसू द्या. आणि तो मुलगा तुम्हीच असाल, तर सांगा. लवकर सांगा. दारं बंद व्हायला फार वेळ लागत नाही.