पिंकीच्या हॉलात कूलर

बडनेऱ्यातलं नवं घर बांधून झालं आणि दिवाळीनंतर सगळे तिथं राहायला गेले, तेव्हा आईनं एक मोठी चूक केली. "हॉल तुया, पिंकी. सजव तुले वाटते तसा," असं ती चारचौघांसमोर म्हणून बसली.

झालं! त्या दिवसापासून नववीतल्या पिंकीचे पाय जमिनीला लागेनात. भिंतींचा पिस्ता रंग तिचा. कोपऱ्यातला सुतळी गुंडाळून केलेला दिवा तिचा. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो स्टुलावर चढून तिनंच एका रेषेत लावला, फूटपट्टी धरून. राहिली होती फक्त रस्त्याकडची मोठी खिडकी. पडद्याचं कापड मामीनं अकोल्याहून आणेपर्यंत एप्रिल उजाडला. मग पांढरे झिरझिरीत पडदे लागले, जाळीतल्या मोठ्या चौकोनी भोकात मनीप्लांट बसला. पिंकीनं लांब उभं राहून पाहिलं आणि वर्गातल्या मैत्रिणींना सांगून टाकलं, "रविवारी या. आमचा हॉल पाहाले या."

आणि शनिवारी बाबा गच्चीवरून कूलर घेऊन उतरले.

"मनीप्लांट उचल," बाबा म्हणाले.

"कावून?"

"कूलर बसवाचा हाय."

"इथं? माह्या खिडकीत?"

"मंग काय फ्रिजवर बसवू? ते भोक कशाले ठेवलं व्हतं, वेल्डिंगवाल्याच्या मागं लागून?"

पिंकीला वाटलं होतं, कुंडीसाठी! अख्ख्या हॉलचा बेत तिनं डिसेंबरात, स्वेटर घालून आखला होता. वऱ्हाडात जन्मून पोरगी उन्हाळाच विसरली होती.

ते गंजकं लोखंडी धूड बाहेरच्या स्टँडवर चढलं आणि त्याचं तोंड हॉलात आलं. कूलर लहान, भोक मोठं. "पुढं मोठा घेऊ ना," म्हणत बाबांनी वरच्या फटीत कुठल्याशा क्लासचा जुना फ्लेक्स घडी करून कोंबला. पडदे गाठ मारून वर टांगले. फटीतून फ्लेक्सवरचा एक टॉपर मुलगा, अर्ध्याच चेहऱ्यानं, पिंकीकडे बघून दात काढत होता.

पिंकी रडकुंडीला आली. "आई, तू म्हणाली व्हती, हॉल माहा!"

"हॉल तुयाच हाय वं. खिडकी सगळ्यायची हाय. बाबा ड्युटीवरून भाजून येतेत, त्यायले काय तुह्या पडद्यानं वारा घालू?"

"मंग आधी सांगाचं तं खरं!"

"यात सांगाचं काय? उन्हाळा काय पत्रिका धाडून येते?"

कोणाशी बोलायचं? जेवताना पिंकीनं ताट एवढ्या जोरात सरकवलं की वरण सांडलं, आणि ते पुसावंही तिलाच लागलं. नुसता संताप!

रविवारी सकाळी मात्र तिनं कंबर कसली. फ्लेक्स ओढून काढला, तर मागची बाजू कोरी पांढरी. वा! तिनं तो उलटा केला, कात्रीनं कडा सरळ कापल्या, फटीवर ताणून टेपनं चिकटवला. पडदे दोन्ही बाजूंना सुतळीनं बांधले. टॉपर गेला. आता बरं दिसत होतं. म्हणजे, जरा बरं.

अकराला रागिणीचा फोन आला. ही पिंकीची बाकावरची शेजारीण.

"काय वं, राहतं कुठं तू? दोनदा गल्ली फिरलो आमी. टाळकं तापलं उन्हानं!"

"सांगितलं ना, काळ्या गेटचं घर!"

"काळ्या गेटात तं क्लास हाय. खिडकीवर लिवलं हाय ना, 'प्रवेश सुरू'."

पिंकी धावत अंगणात आली. खिडकीवर टॉपर, आता चांगला अख्ख्या चेहऱ्यानिशी, रस्त्याकडे बघून हसत होता. आणि गेटाबाहेर रागिणी आणि दुसऱ्या दोघी पोट धरून.

हसतच त्या आत आल्या, चपला भिरकावल्या आणि थेट कूलरपुढे फतकल मारून बसल्या. दिव्याकडे पाठ. पडद्यांकडे पाठ. पिस्ता रंगाकडे तर कोणाचं लक्षच नाही.

"अवं, पाहा तं खरं कोणी!" पिंकी किंचाळली. "पाच महिने खपली मी या हॉलापायी!"

"पायतो ना बाप्पा," रागिणी डोळे मिटूनच म्हणाली. "घाम तं वाळू दे. काय थंडगार हाय वं तुयं घर! आपण रोज इथंच येऊ."

पिंकीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात गेटावरून शेजारच्या नत्थुजींनी बाबांना खणखणीत हाक मारली, "देवमन, क्लास काढला काय बे? आमच्या नातवाले घेतं काय? फी सांग!"

आतल्या खोलीत बाबा खो-खो हसले. आईसुद्धा.

"ॲडमिशन फुल झाल्या, आबाजी!" पिंकी खिडकीकडे तोंड करून ओरडली. मग रागिणीला कोपरानं ढोसलं. "सरक तिकडं. घर माहं हाय, आन् वारा तुमीच खाऊन रायल्या."